साक्षीला पाहायला गेलं की तोही दृश्य होतो. मग थांबायचं कुठे?

वाटसरू

नमस्कार मंडळी. दृग्दृश्यविवेक या अद्वैत वेदांतावरच्या छोट्या ग्रंथाचा पहिला श्लोक घेऊन सराव चालू आहे. रूप दृश्य (पाहिलं जाणारं), डोळा द्रष्टा (पाहणारा). मग डोळा दृश्य, मन द्रष्टा. मग मनातल्या वृत्ती, म्हणजे उठणारे विचार-भाव, दृश्य आणि साक्षी द्रष्टा, जो स्वतः कधीच दृश्य होत नाही. पहिल्या दोन पायऱ्यांना अडचण नाही. नजर अंधुक आहे की स्वच्छ हे मनाला कळतं, तेव्हा डोळा दृश्य आहे हे पटतं. तिसऱ्या पायरीला मात्र गाडं अडतं, आणि ते तीन ठिकाणी अडतं.

एक. विचार येतोय आणि तो मला कळतोय, इथवर ठीक. पण 'मी पाहतोय' असं जे जाणवतं तेही कळतंच की. मग ते ज्याला कळतं तो आणखी मागे. त्याच्याही मागे आणखी कोणी. ही साखळी संपत नाही. जो दिसतो तो साक्षी नाही म्हणावं, तर जो दिसतच नाही तो आहे हे कशावरून?

दोन. कधी विचार थांबतात आणि काहीच उरत नाही, सगळं कोरं. हेच आत्मस्वरूप का? असेल तर गाढ झोपेत आणि यात फरक काय? झोपेत कोणी साक्षी होता असं तर वाटत नाही. उठल्यावर अंग हलकं वाटतं म्हणून 'छान झोप लागली' असा अंदाज आपण बांधतो, एवढंच.

तीन. जग मिथ्या म्हणावं तर डोळे उघडताच ते जसंच्या तसं समोर. वर घरच्यांच्या बोलण्यातला आणि कामातला रस मात्र कमी होत चालला आहे. हे वैराग्य समजायचं का?

तत्त्वबोध हा वेदांताचा प्राथमिक ग्रंथ वाचून झाला आहे, त्यामुळे अंतःकरणचतुष्टय (मन, बुद्धी, चित्त, अहंकार), पंचकोश वगैरे परिभाषा ओळखीची आहे. 'आपोआप कळेल' असं न म्हणता नेमकं कुठे चुकतंय ते सांगावं ही विनंती.

चिंतनिका

तिन्हींत पहिला प्रश्न मुळाचा आहे, म्हणून मी त्यावरच लिहिते.

ज्याला तुम्ही 'पाहणारा' म्हणून पकडता आहात ती अहंवृत्ती, म्हणजे 'मी' असा उठणारा विचार, आहे. मन संकल्प-विकल्प करतं, बुद्धी निश्चय करते, चित्त आठवतं आणि अहंकार या सगळ्यावर 'मी'चा शिक्का मारतो. बुद्धीत उमटलेला चैतन्याचा आभास, म्हणजे चिदाभास, या 'मी'त पूर्ण मिसळलेला असतो. त्यामुळे वृत्ती असूनही ती जाणती वाटते, आणि फसगत इथे होते. इतर विचार परके वाटतात, ते दृश्य म्हणून चटकन वेगळे काढता येतात. 'मी पाहतोय' ही वृत्ती आपलीच वाटते, म्हणून तिला नकळत द्रष्ट्याच्या जागी बसवलं जातं.

एक साधी गोष्ट सावकाश तपासा. मांडी घालून बसल्यावर थोड्या वेळाने गुडघ्यात कळ येते. ती कळते. पाठोपाठ 'नको हे' असं उठतं, ते मन. 'अजून पाच मिनिटं बसूच' हा निश्चय, ती बुद्धी. 'काल याच पायाला त्रास झाला होता', ते चित्त. मग 'मी किती शांतपणे सहन करतोय' असं एक बारीकसं समाधान, तो अहंकार. आणि याच्याही नंतर एक फार सोज्वळ दिसणारी वृत्ती येते: 'मी या सगळ्याचा साक्षी आहे.' हेही मनात उमटलेलं वाक्यच आहे. उमटलं, थोडं टिकलं, विरलं. या सगळ्यांचं येणं-जाणं ज्याला उघड होतं त्याने मधल्या काळात काहीही केलेलं नाही. तो मागे सरकला नाही, त्याने लक्ष एकवटलं नाही. लक्ष देणं हे मनाचं काम. लक्ष दमतं, भरकटतं, परत येतं, आणि हे सगळं कळतं. तेव्हा लक्ष म्हणजे साक्षी नव्हे. 'साक्षीभाव ठेवा' हा उपदेश बहुतेक वेळा 'लक्ष ठेवा' असाच ऐकला जातो आणि मग माणूस वर्षानुवर्षं स्वतःवर पहारा देत बसतो.

आता साखळीचं. हे पाहणारे एकामागे एक उभे नसतात, एकानंतर एक येतात. पहिली अहंवृत्ती विरते, तिची आठवण घेऊन दुसरी उठते आणि म्हणते, 'मी तिला पाहत होते'. मग तिसरी. ही रांग काळात लागलेली आहे; एकाहून एक खोल असं तिच्यात काही नाही. शंभरावी वृत्ती पहिलीपेक्षा आत्म्याच्या जरासुद्धा जवळ नसते. म्हणून साखळीच्या टोकाला पोचायची धडपडच निरर्थक आहे. सगळ्या कड्या एकाच प्रकाशात, सारख्याच अंतरावर कळतात.

बृहदारण्यक उपनिषदात (३.४) उषस्त चाक्रायण याज्ञवल्क्य ऋषींपुढे नेमका हाच आग्रह धरतो: ही गाय, हा घोडा असं दाखवतात तसा मला आत्मा दाखवा. उत्तर येतं, 'न दृष्टेर्द्रष्टारं पश्येः', दृष्टीच्या द्रष्ट्याला तू पाहू शकणार नाहीस. याज्ञवल्क्य उत्तर टाळत नाहीत, मागणीतली चूक दाखवतात. जो सगळं जाणणारा आहे त्याला जाणलेल्यांच्या यादीत शोधणं, ही ती चूक.

'मग तो आहे कशावरून?' यासाठी पंचदशी या वेदांतग्रंथातल्या तृप्तिदीप प्रकरणातला दाखला पुरतो. अंधारातला घडा पाहायला डोळा हवा आणि दिवाही हवा. दिवा पाहायला डोळा पुरतो, दुसरा दिवा लागत नाही. घड्याच्या ज्ञानात दोन गोष्टी घडतात: वृत्ती घड्यावरचं अज्ञान हटवते (वृत्तिव्याप्ती), आणि त्या वृत्तीतला चिदाभास घड्याला प्रकाशित करतो (फलव्याप्ती). आत्म्याच्या बाबतीत पहिलीच गोष्ट लागते. महावाक्यातून ('ते ब्रह्म तूच आहेस' अशा उपनिषदवाक्यातून) उठलेली वृत्ती अज्ञान हटवते आणि तिथे चिदाभासाला पुढे काही काम उरत नाही, कारण ज्याच्यावर उजेड पाडायचा तो स्वतःच उजेड आहे. तुम्ही फलव्याप्तीची वाट पाहता आहात. साक्षी कधीतरी समोर येईल, 'हा पाहा सापडला' असं होईल, ही अपेक्षा आहे. ती कधीच पुरी होणार नाही, आणि न होण्यातच श्लोकाचं खरेपण आहे.

तेव्हा कृती एवढीच. तिसऱ्या पायरीवर आलात की चौथी शोधायची नाही. मन वळून साक्षीला धरायला निघालं, की 'हा शोधही कळतो आहे' इतकं ओळखायचं आणि शोध सैल सोडायचा. 'मी साक्षी' हे वाक्य मनात घोळवत राहायची गरज नाही.

पैलतीर

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. कोरेपण म्हणजे आत्मा नव्हे. 'काही नव्हतं' हे सांगता येतंय, अर्थात ते कळलं होतं. कळलं म्हणजे तेही दृश्यच.

पण ते कोणत्या जातीचं कोरेपण आहे हे ओळखल्याशिवाय पुढे जाऊ नका. अद्वैताचे जुने आचार्य गौडपाद यांनी मांडूक्यकारिकेत (३.४४ आणि ३.४५) याची तपासणी करून ठेवली आहे आणि सदानंदांच्या वेदांतसारात चार विघ्नं नावानिशी आली आहेत: लय, विक्षेप, कषाय, रसास्वाद. चौघांचे उपाय वेगळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की बिघाड वाढतो.

लयाच्या खुणा: मान किंचित पुढे कलते, किती वेळ गेला याचा पत्ता नसतो, उठल्यावर सुस्ती असते. 'लये संबोधयेच्चित्तम्', चित्ताला जागं करायचं. पाठ सरळ, डोळे अर्धे उघडे, आणि कोरेपणात न रेंगाळता विचाराचं वाक्य पुन्हा हाती घ्यायचं. दृग्दृश्यविवेकात याला शब्दानुविद्ध म्हटलं आहे, म्हणजे 'मी असंग आहे, स्वप्रकाश आहे' अशा शब्दांच्या आधाराने. झोप अपुरी असेल तर आधी ती पूर्ण करा; तिथे दुसरा इलाज चालत नाही.

विक्षेपात उलट. मन विषयांकडे धावतंय तेव्हा डोळे ताणून, जोर लावून बसलात तर ते आणखी उधळतं. ते ज्याच्याकडे धावतंय त्या गोष्टीतून खरंच काय मिळणार आहे हे शांतपणे पाहायचं आणि परत आणायचं, पुन्हा पुन्हा, न चिडता.

कषाय हा सगळ्यांत कमी ओळखला जाणारा. मन झोपलेलंही नसतं आणि भटकतही नसतं. आत दबलेल्या रागद्वेषाच्या वासनेने ते ताठरून, बधिर होऊन बसतं. वरवर पाहता समाधीच वाटावी. गौडपाद इथे 'सकषायं विजानीयात्' म्हणतात, ओळखावं. खाली कोणती आसक्ती, कोणता सल दबलाय तो ओळखायचा आणि तो बैठकीबाहेर, व्यवहारात निस्तरायचा. तुमचं कोरेपण आणि घरच्यांतला रस उडणं ही दोन्ही बरोबरीने वाढत असतील तर मला लयापेक्षा कषायाचीच शंका जास्त येते.

रसास्वादाची खूण दुसऱ्या दिवशी कळते: कालच्यासारखं शांत वाटावं म्हणून आज बसावंसं वाटतं. शांती आली तर आली, तिची चव घेत बसायचं नाही. आणि मन खरंच सम झालं असेल तर 'समप्राप्तं न चालयेत्'. तेव्हा ना वाक्य हवं, ना तपासणी.

आता झोप. 'लीयते हि सुषुप्ते तन्निगृहीतं न लीयते' (३.३५): झोपेत मन अज्ञानासकट बीजरूपाने लीन होतं, विवेकाने आवरलेलं मन लीन होत नाही. म्हणून झोपेतून उठणारा जसा गेला तसाच परत येतो.

आणि तुमचा 'अंदाज बांधतो' हा मुद्दा मोलाचा आहे. नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या तार्किकांचा, आक्षेप नेमका हाच: 'मी सुखाने झोपलो, मला काही कळलं नाही' हे अनुमान आहे. अद्वैतातली विवरण परंपरा म्हणते, ही आठवण आहे आणि आठवण अनुभवाशिवाय होत नाही. स्वतः तपासून पाहा. बंद खोलीत आपण गेलोच नसू तर 'आत काय होतं मला ठाऊक नाही' असं म्हणतो. 'आत काहीच नव्हतं' असं म्हणत नाही. झोपेबद्दल मात्र प्रत्येक जण ठामपणे 'काहीच नव्हतं' म्हणतो. हा ठामपणा कुठून आला? ताजेपणावरून फार तर 'झोप चांगली लागली असावी' एवढंच अनुमान निघेल. 'काही कळत नव्हतं' हे कळण्यासाठी ते न कळणंही कोणाला तरी उघड असायला हवं. झोपेत साक्षी होता असं वाटत नाही याचं कारण साधं आहे: 'वाटून घेणारी' अहंवृत्ती तेव्हा नव्हती. बृहदारण्यक (४.३.२३) म्हणतं की द्रष्ट्याची दृष्टी लोपत नाही, पाहायला दुसरं काही नसतं इतकंच.

अन्वय

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण बरेच अभ्यासू वाचक इथेच वाट चुकतात.

जग दिसायचं थांबणं ही ज्ञानाची खूण नाही. शंकराचार्यांनी अध्यासभाष्यात (ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रस्तावनेत) दोन दाखले शेजारी-शेजारी दिले आहेत: शिंपीवर भासणारी चांदी, आणि एकच चंद्र दोन असल्यासारखा दिसणं. दोन्ही भ्रमच, पण त्यांची जात निराळी. शिंप कळली की चांदी दिसेनाशी होते. चंद्र एकच आहे हे पक्कं ठाऊक असूनही डोळ्यातला दोष असेतो दोन दिसतातच. फक्त दुसऱ्या चंद्राबद्दल कोणी खगोलशास्त्रज्ञाला विचारायला जात नाही. पुढच्या आचार्यांनी यांना निरुपाधिक आणि सोपाधिक भ्रम म्हटलं; उपाधी म्हणजे भ्रम टिकवून ठेवणारं निमित्त. देह आणि प्रारब्ध ही उपाधी आहे तोवर जगाचं दिसणं दुसऱ्या प्रकारात मोडतं. बाध होतो, म्हणजे खोटी ठरते, ती फक्त ते खरं असल्याची समजूत.

विद्यारण्यांनी (१४वं शतक) पंचदशीच्या चौथ्या प्रकरणात तर फार स्पष्ट लिहिलं आहे. प्रलयात सगळं द्वैत नाहीसं होतं, तरी तेव्हा कोणाला अद्वैताचं ज्ञान होत नाही, कारण गुरू नाही, शास्त्र नाही. म्हणजे द्वैत नुसतं नाहीसं झाल्याने काही साधत नाही. तुमच्या कोरेपणालाही हेच लागू.

त्याच प्रकरणात ईश्वरसृष्टी आणि जीवसृष्टी असा भेद आहे, आणि रोजच्या जगण्यात माझ्या मते यासारखं कामाचं दुसरं काही नाही. मुलगा दूरदेशी सुखरूप आहे, पण कोणी खोटं सांगितलं की तो गेला, आणि बाप इथे रडतो. तो खरंच गेला असेल आणि बातमी पोचली नसेल तर बाप रडत नाही. रडवतो तो मनातला मुलगा. आजच्या भाषेत: वरिष्ठांकडून दोन ओळींचा निरोप आला, 'हे पुन्हा करा. आजच हवं.' अक्षरं, काम, मुदत ही ईश्वरसृष्टी. ती हटवायची नाही, ते काम करायचं. 'मला सगळ्यांसमोर कमी लेखलं, हे नेहमी माझ्याच वाट्याला' ही जीवसृष्टी, बांधते ती हीच. तिच्यातही विद्यारण्य दोन थर दाखवतात. काम-क्रोध हा तीव्र थर, आणि मनोराज्य, म्हणजे मनातल्या मनात रचलेले संवाद आणि बेत, हा मंद. तीव्र आवरला म्हणून निर्धास्त राहू नये. मंद थर सुटला नाही तर तोच पुन्हा तीव्र होतो.

सत्तांची, म्हणजे खरेपणाच्या पातळ्यांची, गल्लत हा आणखी एक नेहमीचा घोटाळा. 'भूक मिथ्या' म्हणून उपाशी राहणाऱ्याने अन्नही त्याच सत्तेचं आहे हे विसरलेलं असतं. व्यावहारिक भुकेला व्यावहारिक अन्न लागतं, स्वप्नातलं चालत नाही. तसंच घरच्यांचं. त्यांचं म्हणणं मिथ्या, आणि मला त्याचा येणारा कंटाळा मात्र खरा, असा हिशेब होत असेल तर तो वेदांत नव्हे. वैराग्यात द्वेष नसतो. गीतेच्या चौदाव्या अध्यायात गुणातीताचं पहिलंच लक्षण असं आहे की प्रकाश, प्रवृत्ती, मोह यांपैकी जे समोर येईल त्याचा तो द्वेष करत नाही आणि जे गेलं त्याची आस धरत नाही. रस उडणं आणि नकोसं वाटणं यांत मोठं अंतर आहे.

आता याचा दुसरा अर्धा भाग. दृश्याला बाजूला सारणं हा व्यतिरेक, आणि तेवढ्यावर थांबलं की माणूस कोरडा पडतो. त्यानंतर अन्वय, म्हणजे दृश्यातही तेच ब्रह्म पाहणं, हवा. दृग्दृश्यविवेकाच्याच विसाव्या श्लोकात तो आहे: अस्ति (आहे), भाति (कळतं), प्रिय, नाम, रूप हे प्रत्येक वस्तूचे पाच अंश, पहिले तीन ब्रह्माचे, शेवटचे दोन जगाचे. करायचं असं. समोरची कोणतीही एक वस्तू घ्या. तिचं नाव बाजूला ठेवा. मग आकार, रंग, उपयोग बाजूला ठेवा. डोळे मिटायचे नाहीत. 'आहे' एवढं उरतं आणि 'कळतं आहे' एवढं उरतं. आता दुसरी वस्तू. नाम-रूप बदललं; 'आहे' बदललं का? गीतेच्या २.१६ वरच्या भाष्यात आचार्य हेच दाखवतात: घडा आहे, वस्त्र आहे, हत्ती आहे, घडा, वस्त्र, हत्ती ही बुद्धी पालटते, 'आहे' ही बुद्धी पालटत नाही.

इथे एकच चूक टाळा. 'अस्तित्व' नावाचं काहीतरी विरळ द्रव्य सगळ्या वस्तूंच्या मागे पसरलंय अशी कल्पना करू नका. तसं केलंत तर ती आणखी एक वस्तू होईल आणि तिचंही 'आहे'पण शोधावं लागेल.

ज्ञानदेव तर व्यतिरेकाच्या वाटेवर फार रेंगाळतच नाहीत. चांगदेव पासष्टीत म्हणतात, 'सोनें सोनेपणा उणें । न येतांचि झालें लेणें । तेंवि न वेंचतां जग होणें । अंगें जया ॥' सोनेपणाला काडीचाही उणेपणा न येता सोन्याचा दागिना झाला, तसं काही न खर्चता तो अंगानेच जग झाला. जग पुसायची भाषाच नाही. अमृतानुभवात तर अज्ञान नावाचं काही वेगळं आहे हेच ते एक पूर्ण प्रकरण खर्चून खोडून काढतात. आचार्यांची मायेची मांडणी आणि ज्ञानदेवांची ही मांडणी एकच की वेगळी यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. तो इथे उकरत नाही. पण मराठी वाचकाने दृग्दृश्यविवेकाच्या जोडीला पासष्टीच्या ६५ ओव्या ठेवाव्यात असं मला मनापासून वाटतं.

रेवा

एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. जग काचेपलीकडे असल्यासारखं वाटणं, स्वतःचे हात-पाय किंवा आवाज परका वाटणं, माणसं खोटी वाटणं आणि त्याची भीती वाटणं, असं काही होत असेल तर त्याला साक्षीभाव म्हणू नका. मानसशास्त्रात याला डीपर्सनलायझेशन-डीरिअलायझेशन म्हणतात. ताण, अपुरी झोप, चिंताविकार यांबरोबर ते येऊ शकतं, आणि आत पाहण्याचा सराव रेटत राहिलं तर काहींना ते वाढतंही. तेव्हा बैठक थांबवावी, चालणं, शारीरिक काम, माणसांशी बोलणं वाढवावं आणि मानसोपचारतज्ज्ञाला भेटावं. वेदांताच्या भाषेतही हे 'तुटलेपण' मनाची एक वृत्तीच आहे. साक्षी कशापासून तुटलेला नसतो. असंग असणं म्हणजे दुरावणं नव्हे.

वाटसरू

सगळ्यांचे आभार. रेवाताई, तसं परकेपण किंवा भीती नाही, पण खूण लक्षात ठेवतो. पैलतीर, कषायाबद्दलचं बरोबर लागलं. साखळी काळात लागलेली आहे हे वाचून पहिल्या प्रश्नातली गाठ सुटली.

आता दोन शंका. अज्ञान वृत्तीनेच हटायचं असेल तर रोजची बैठक हवी कशाला? आणि समजलं असं वाटूनही दिवसभर 'मी अमुक, मला तमुक' हे जुनं चालूच राहतं, त्याचं काय?

पैलतीर

बैठक हवीच. अद्वैतातल्या भामती या टीकेचे कर्ते वाचस्पती मिश्र यांच्या मते निदिध्यासनाने (ऐकलेल्या अर्थाच्या सततच्या ध्यानाने) संस्कारलेलं मनच आत्मसाक्षात्काराचं करण, म्हणजे साधन, आहे. नुसतं वाक्य ऐकून होणारं ज्ञान परोक्ष, म्हणजे ऐकीव, राहतं.

चिंतनिका

इथे मी विवरणाच्या बाजूची आहे. वाक्यच प्रमाण, श्रवण मुख्य, मनन आणि निदिध्यासन त्याची अंगं. दहा जण नदी ओलांडतात, मोजणारा स्वतःला सोडून नऊच मोजतो आणि दहावा बुडाला म्हणून रडतो, ही गोष्ट आठवा. 'दहावा तूच आहेस' हे ऐकताच दहाव्याला जे कळतं ते परोक्ष नसतं, कारण वाक्य ज्याच्याबद्दल आहे तो ऐकणाराच असतो. वस्तू जवळची असेल तर शब्दानेही अपरोक्ष, म्हणजे थेट, ज्ञान होतं.

पैलतीर

मान्य, पण दहाव्याच्या मनात 'मी दहावा नाही' असा जन्मोजन्मीचा संस्कार नव्हता. आपल्या मनात तो आहे, म्हणून वाक्य ऐकूनही ते आत उतरत नाही.

चिंतनिका

तो अडथळा निदिध्यासनाने दूर होतो हे विवरणही म्हणतं. फरक इतकाच की अडथळा दूर करणं वेगळं आणि ज्ञान उपजवणं वेगळं. वाटसरूंसाठी या वादातून निघणारी व्यवहारातली गोष्ट मात्र एकच आहे: आपली अडचण कोणत्या प्रतीची ते आधी ठरवा.

उपनिषदांना खरंच हेच सांगायचं आहे का, अशी शंका असेल तर श्रवण. शास्त्र काय म्हणतं ते कळलं पण 'हे शक्य कसं, जीव कुठे आणि ब्रह्म कुठे' असं वाटत असेल तर मनन. दोन्ही शंका नाहीत, तरी जुनी सवय उसळते, याला विपरीतभावना म्हणतात आणि तिच्यावर निदिध्यासन. तुमचा मूळ प्रश्न मननाचा होता. त्यावर तुम्ही बैठकीचा वेळ वाढवत होतात. शंकेवर ध्यानाचा उपाय केला की शंका दबते आणि तिचाच कषाय होतो. आता जी दुसरी शंका विचारलीत ती विपरीतभावनेची आहे, म्हणून आता बैठक उपयोगी पडेल. वीस मिनिटं पुरे, पण दिवसभरात राग, लाज, कौतुक यांच्या क्षणी तोच विचार हवा. दिवसभर 'मी कर्ता' घोटून वीस मिनिटांत ते पुसलं जाणार नाही.

आणि 'मी अमुक' चालूच राहतं याने निराश होऊ नका. दृग्दृश्यविवेकाचे आठवा आणि नववा हे दोन श्लोक आता काढा. अहंकाराचं तादात्म्य तिघांशी असतं. चिदाभासाशी असतं ते सहज, देहाशी असतं ते कर्मज, साक्षीशी असतं ते भ्रांतिज. पहिलं, दोन्ही आहेत तोवर सुटत नाही. अहंकार उठला की त्यात चैतन्याचा आभास असणारच. दुसरं कर्म संपल्यावर सुटतं, म्हणजे देह आहे तोवर भूक लागली की 'मला भूक लागली' असंच वाटणार. ज्ञानाने सुटायचं ते फक्त तिसरं: 'मी'च्या उठण्या-मावळण्याला साक्षीचं उठणं-मावळणं समजणं. तुम्ही बहुधा पहिलं आणि दुसरं सुटण्याची वाट पाहत होतात आणि ते सुटत नाही म्हणून ज्ञान झालं नाही असं धरून चालला होतात.

वाचनाचंही सांगते. मांडूक्यकारिकेतलं अलातशांती प्रकरण आणि अजातवाद (मुळात काही उत्पन्नच झालं नाही हे मत) इतक्यात उघडू नका; व्यवहार आणि परमार्थ यांची सांगड बसण्याआधी ते वाचलं तर 'काही झालंच नाही' हे वाक्य जबाबदारी टाळायला वापरलं जातं. आधी पंचदशीचं चौथं प्रकरण, अन्वय यांनी वर सांगितलेलं. मग आठवं, कूटस्थदीप. त्याच्या सुरुवातीला भिंतीवर पडलेलं सूर्याचं ऊन आणि त्याच भिंतीवर आरशांनी टाकलेले उजेडाचे तुकडे असा दाखला आहे. तुकडे म्हणजे वृत्तींमधला चिदाभास. दोन तुकड्यांच्या मधल्या जागेत आणि आरसे नसतानाही जे ऊन आहे ते कूटस्थ, म्हणजे अविकारी साक्षी. हे प्रकरण वाचताना एक गोष्ट नजरेतून निसटू देऊ नका: तुकड्याच्या जागीही खालचं ऊन आहेच. साक्षी शोधायला दोन विचारांमधली फट गाठावी लागत नाही, विचार चालू असतानाही तो तितकाच आहे.